एबद-मलेखाच्या चिंध्या

फौजदारांनी उंबऱ्याबाहेर जोडे काढले, तेव्हाच लीनाला कळलं, हे लवकर उठणार नाहीत. नुसती चौकशी करून जाणारा माणूस जोडे काढत नाही.

घराच्या खोल्या पाहून झाल्या होत्या. माळा पाहून झाला होता. आता ते सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या, श्रीमंत मास्तरांच्या आठवणीला माणसं जमलीत. आमच्यामुळे खोळंबा नको. आम्ही बसतो इथंच, एका अंगाला."

"साहेब, खुर्ची आणतो ना," शांतवन लगबगीनं उठला. लीनाचा थोरला भाऊ, मिशनच्या शाळेचा हेडमास्तर, अंगात वडिलांचा काळा कोट. तो त्याला खांद्यात जरा मोठाच होत होता.

"नको हो मास्तर. खाली बरं वाटतं. किती वेळ चालतं तुमच्यात हे?"

"तासभर. कधी जास्तही. पण साहेबांना राहुरीला परतायची घाई असेल तर..."

"मला कसली घाई? तुमचा धाकटा भाऊ वडिलांच्या मातीला आला नाही. आज महिन्याच्या उपासनेला तरी येईल असं मला वाटतं. तुम्हाला नाही वाटत?"

फौजदारांनी मान वळवून शिपायाला सांगितलं, "तू मागं जा रे. परसात बस. घरातलं कुणी मागच्या दारानं बाहेर जाता कामा नये."

लीनानं आईकडे पाहिलं. साळूबाई नुकतीच परसातून आत आली होती आणि पदराला हात पुसत होती. बोटांच्या पेरांत गोवरीचा भुसा अडकलेला होता.

"झाकलंस?" लीनानं ओठ न हलवता विचारलं.

"झाकलं. वर गोवऱ्या रचल्यात."

"पार बंद?"

"पार. फटसुदिक ठिवली न्हाई."

साळूबाईच्या आवाजात काम फत्ते झाल्याचं समाधान होतं. मागच्या दोन्ही खेपांना पोलीस ओट्यावर उभे राहून, पाणी पिऊन निघून गेले होते. या खेपेलाही तसंच होईल, असा तिचा हिशेब. लीनाचाही तोच होता. फौजदारांनी जोडे काढेपर्यंत.

जमिनीत धान्य साठवायच्या त्या पेवाची या घराला जुनी भीती होती. गोठ्यामागच्या पांढऱ्या मातीत आजोबांनी ते खणलेलं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत दोन पुरुष खोल पोट. शांतवन दहा वर्षांचा असताना ज्वारी काढायला भीमा नावाचा गडी त्यात उतरला होता. पेव बरेच महिने बंद होतं आणि कंदील सोडून पाहायचं राहून गेलं. भीमा खाली जाऊन बसला तो बसलाच, झोप लागल्यासारखा. वर दोराचं टोक शांतवनच्या हातात होतं. त्यानंतर त्या पेवात कुणी दाणा भरला नाही, आणि शांतवन त्या बाजूला पायसुद्धा टाकीनासा झाला.

परवा पहाटे धाकटा आशेर आला तेव्हा मात्र दुसरी जागाच सुचली नाही. चळवळीत रेल्वेच्या तारा तोडल्यापासून तो डोंगरात भटकत होता. गालफडं बसली होती, पायाचं एक बोट चिघळलं होतं. लीनानं आधी कंदील सोडून पाहिला. ज्योत नीट जळली. पण तळाला जुन्या, पावसानं भिजून कुजलेल्या दाण्यांचा थर होता, त्याचा आंबूस वास वर येत होता. तिनं त्याला बजावलं होतं, "तोंड उघडं आहे तोवरच खाली बसायचं. झाकायची वेळ आली, तर अगदी थोडा वेळ."

"आणि थोड्याचा जास्त झाला तर?" आशेर हसला होता.

"तर खालून ठोक."

झाकणाचा धोंडा खालून हलत नव्हता. तो वरूनच सारावा लागे.

आई आणि ती, दोघींनाच हे ठाऊक होतं. बाकीच्यांना सांगण्याची सोय नव्हती. काल संध्याकाळीच याच सोप्यात वाद झाला होता.

"तो आला, तर मी स्वतः त्याला राहुरीला नेऊन हजर करीन," शांतवन म्हणाला होता. "मिशनच्या साहेबांनी साफ सांगितलंय. ज्याच्या घरात असलं माणूस सापडेल, त्याची नोकरी गेली. मला चार पोरं आहेत, आई."

"मला पन हायेत की पोरं," साळूबाई म्हणाली होती. "त्यातलाच त्यो येक."

नारायणकाकांनी शांतवनची बाजू घेतली होती. ते मास्तरांचे धाकटे भाऊ, मंडळीचे उपदेशक. उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघाला नव्हता आणि ते इतरांनाही त्यातून सूट देत नसत. "वहिनी, सत्ता देवानं नेमलेली असते. तिच्या अधीन राहायचं, अशी शिकवण आहे. शास्त्रातल्या आखानानं चोरलेली वस्तू तंबूत पुरली, आणि दगड खाल्ले सगळ्या कुटुंबानं. हे विसरू नका."

"नारायनभावजी, माझा ल्योक म्हंजी चोरीचा माल न्हवं."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हनलात?"

नगरच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी, चार पुस्तकं जास्त वाचलेली मुलगी म्हणून लीनाचा शब्द घरात मोजला जाई; काल तिनं तो खर्चला नाही. आज तिला वाटत होतं, खर्चायला हवा होता.

गीत झालं. काकांनी लहानशी प्रार्थना केली. मग शांतवन घसा साफ करून म्हणाला, "आता बाबांच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा त्याचा माणूस सांगू."

"म्हणजे काय?" फौजदारांनी विचारलं.

"वडिलांची पद्धत होती, साहेब. मोशे, दावीद, पौल यांच्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना आपण विचारू, असं म्हणायचे. घरातल्या प्रत्येकाला शास्त्रातला एकेक अनोळखी माणूस दिला त्यांनी. जन्मभरासाठी. माणसं जमली की ज्यानं त्यानं उठून आपापला सांगायचा. दुसऱ्याचा सांगायचा नाही."

"बरं आहे की. सांगा, सांगा."

शांतवननं अनेसिफर सांगितला. पौल रोममध्ये कैदेत होता. ओळखीचे सगळे एकेक करून दूर झाले. हा मात्र परक्या शहरात त्याला शोधत फिरला. वर्षानुवर्षं शांतवन हे पाढ्यासारखं म्हणत आला होता. आज शेवटी येऊन तो अडखळला.

"आणि त्याला पौलाच्या... त्याला त्याच्या बेड्यांची लाज वाटली नाही," असं घाईघाईनं म्हणून तो खाली बसला. फौजदारांकडे त्यानं पाहिलं नाही.

लीनाचे कान परसाकडे होते. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठक. दगडावर दगड आपटावा तसा, जमिनीच्या आतून. जमलेल्यांपैकी कुणाची मान वळली नाही. ऐकायला येतंय ते आपल्यालाच, हे तिला कळत होतं, तरी ती एकेकाच्या मानेकडे बघत राहिली.

साळूबाई उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी तिला शिप्रा दिली होती, इब्र्यांची सुईण. कारण साळूबाईही सुईणपण करी.

"राजानं शिप्राला आन् पुवाला बोलावलं," ती सांगू लागली, "आन् म्हनला, इब्री बाईला मुलगा झाला की तिथंच मारायचा. ह्या म्हनल्या, व्हय महाराज. आन् येकबी मारला न्हाई. मग राजा इचारतोय, का गं? तर म्हनल्या, महाराज, त्या बाया लई धडधाकट. आमी जाऊस्तवर मोकळ्या होत्यात. आमी तरी काय करावं?"

फौजदार हसले. "मग राजा काय म्हणाला?"

"काय म्हनतोय? त्याला का बाळंतपनातलं कळतंय?"

सोप्यात हशा पिकला.

"म्हणजे खोटं बोलल्या की त्या."

"खोटं कसं, साहेब? येळ मारून नेली."

"आणि तुमच्या देवाला ते चाललं?"

"चाललं म्हंजी? घरं बांधून दिली दोघींला," साळूबाई म्हणाली आणि पदर सावरून बसली. काकांनी डोळे मिटून घेतले होते. वहिनींच्या तोंडची शिप्रा त्यांना कधीच मानवली नव्हती.

लीना उठली. "चहाचं बघते," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली आणि मागच्या दाराशी गेली.

शिपाई पेवावर बसला होता.

गोवऱ्यांचा अर्धा ढीग त्यानं बाजूला लोटला होता आणि उघड्या झालेल्या धोंड्यावर ऐसपैस बसून तो विडी ओढत होता. लीनानं चौकट धरली.

"बाई, आत व्हा. साहेबांचा हुकूम हाय."

"चुलीला गोवऱ्या हव्यात."

"मग ह्या घ्या की." त्यानं बसल्या जागेवरून दोन गोवऱ्या उचलून तिच्यापुढे धरल्या. हात भला लांब होता त्याचा. "अजून देऊ?"

"पुरेत." तिनं त्या घेतल्या. "इथं ऊन लागत असेल. ओट्यावर बसा ना. चहा देते."

"ऊन कुठलं? बरं हाय हितं. धोंडा गार हाय." त्यानं धूर सोडला. "तुमचा बैल तेवढा लई पाय आपटत हुता मघाशी. माझ्या बुडाखाली ठोकतोय का काय, असं वाटाय लागलं. आता गप झालाय."

"गप झालाय?"

"मगापास्नं न्हाई आवाज."

लीना दोन गोवऱ्या घेऊन आत आली आणि त्या चुलीपाशी ठेवून तशीच उभी राहिली. तिला भीमा आठवला. म्हणजे तिनं तो पाहिलेला नव्हता, ती तेव्हा पाळण्यात होती. पण त्याचं ते झोपल्यासारखं बसणं या घरात इतक्या वेळा सांगून झालं होतं, की तिला ते दिसत असे. ओरडावं? ओरडलं तर आशेर वर येईल आणि थेट बेड्यांत जाईल. त्याच्या एका सोबत्याला पकडून नेलं होतं. त्या सोबत्याच्या आईला त्याच्या अंगावरचा सदराच तेवढा परत मिळाला होता. पण वर तरी येईल. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं, तर तेही नाही.

ओरडायचंच, असं ठरवून ती सोप्यात आली. काका त्यांचा युस्त संपवत होते. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित नेमायचा, त्यासाठी दोघांच्या नावांनी चिठ्ठ्या टाकल्या. युस्ताची निघाली नाही. "पुढं तो काय करत राहिला, शास्त्र सांगत नाही," काका म्हणाले. "पण रुसून निघून गेला, असंही सांगत नाही."

"लीना, तुझी पाळी," शांतवन म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. दाराबाहेर जाऊ शकेल असा सगळ्या घरात तो एकटाच होता. फौजदारांचा त्याच्यावर भरवसा होता, शिपाई त्याला मास्तर म्हणून सलाम करी. आणि काल हाच म्हणाला होता, नेऊन हजर करीन.

ओरडायला उघडलेल्या तोंडातून शब्द आले ते असे:

"यरुशलेमला वेढा पडला होता. यिर्मया म्हणून एक संदेष्टा होता. राजाच्या माणसांना त्याचं बोलणं आवडेना. त्यांनी त्याला धरून एका खड्ड्यात सोडलं. आत पाणी नव्हतं. नुसता चिखल. त्यात तो रुतला."

"लीना," शांतवन कपाळाला आठी घालून म्हणाला, "हा तुझा माणूस नाही. तुझी रिस्पा आहे."

"रिस्पा मागाहून सांगेन, दादा. रिस्पानं आपल्या मेलेल्या मुलांची राखण केली. अजून ती वेळ आलेली नाही."

शांतवन तिच्याकडे बघतच राहिला. फौजदारांनी टोपी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

"यिर्मया खाली रुतला," ती म्हणाली. "आणि वरून खड्ड्याचं तोंड झाकलेलं होतं. आत हवा नव्हती."

नारायणकाकांनी डोळे उघडले. पन्नास वर्षं त्यांनी शास्त्र वाचलं होतं. कुणी एखादा शब्द गाळला तरी ते भर उपासनेत दुरुस्त करीत.

"तोंड झाकलेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो, काका. धोंड्यानं."

"तसं..." काका थांबले. तसं शास्त्रात कुठंही नाही, हे लीनाला ठाऊक होतं. तिला ते ठाऊक आहे, हे काकांना ठाऊक होतं. श्रीमंत मास्तरांची मुलगी अशी चूक करणार नाही. त्यांची नजर तिच्या तोंडावरून हळूहळू साळूबाईच्या हातांवर गेली, गोवरीच्या भुशावर, आणि तिथंच थांबली.

आता ते बोलतील, लीनाला वाटलं. खोटं त्यांना पोटात ठेवता येत नाही.

"पुढं सांग," काका म्हणाले.

"धोंड्यावर पहारेकरी बसला होता. आधी खालून ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला." तिनं श्वास घेतला. "राजवाड्यात एबद-मलेख नावाचा एक चाकर होता. कूशी. परका माणूस, राजाचंच मीठ खाणारा. राजाच्या माणसांविरुद्ध जाऊन त्याला काही मिळणार नव्हतं, होतं ते जाणार होतं. पण तो म्हणाला, आत्ता ओढून काढलं नाही, तर हा तिथंच मरेल. त्यानं दोर घेतला. जुन्या चिंध्या घेतल्या. त्या खाली सोडल्या आणि म्हणाला, काखेत घाल, म्हणजे दोर काचणार नाही. आणि ओढून वर काढला."

ती खाली बसली. शांतवनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. ओठ हलत होते. त्याला कळलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला हातातल्या दोराची ओढ थांबल्याचं कळलं होतं, तसं.

पण तो उठला नाही. कोटाचं बटण बोटात धरून तो बसून राहिला. लीनानं त्याच्याकडे बघणं सोडलं. त्याला चार पोरं होती. भीती आपल्याला वाटते तशी त्यालाही वाटते, आणि त्याची जुनी आहे, हे तिला समजत होतं. समजूनही तिला त्या क्षणी तो माणूस डोळ्यांपुढे नको झाला.

"साहेब," नारायणकाका उठून उभे राहिले, "आता मृताच्या नावानं मोठी प्रार्थना होईल. या वेळी घराच्या आवारात कुणी एकटं बाहेर राहू नये, असा आमच्यात रिवाज आहे. तुमच्या शिपाईभाऊंना आत बोलवावं, ही विनंती."

असा रिवाज नव्हता. या मंडळीत नव्हता, नगरला नव्हता, कुठंच नव्हता. साळूबाईनं दिराकडे असं पाहिलं, जणू त्याला ती पहिल्यांदाच बघत होती.

"असं आहे का?" फौजदार म्हणाले.

"असं आहे," काका म्हणाले.

शिपाई विडी विझवून आत आला.

"सर्वांनी उभं राहावं आणि डोळे मिटावेत," असं म्हणून काकांनी इतक्या मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, की ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. त्यांनी आभाळाबद्दल देवाचे आभार मानले, पावसाबद्दल मानले. मास्तरांनी शिकवलेल्या पोरांची नावं घेतली, एकेक करून, बापाच्या नावांसकट. परसातून काहीतरी खरडल्याचा आवाज आला, तसा त्यांचा आवाज आणखी चढला.

लीनानं डोळे किलकिले केले. शांतवनची जागा रिकामी होती. समोर फौजदार हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते त्याच रिकाम्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं गपकन डोळे मिटले. अंधारात तिला आईचा श्वास ऐकू येत होता. काका अब्राहामापासून सगळ्या पूर्वजांबद्दल आभार मानत होते.

एकट्यानं कसं होणार? हे तिच्या मनात आतापर्यंत आलंच नव्हतं. एबद-मलेखाबरोबर तीस माणसं होती. तीस माणसं ती सांगायची विसरली होती.

नावं संपली. काकांनी गावातल्या आजाऱ्यांसाठी मागणं मागितलं. तेही संपलं. त्यांचा घसा बसला, तरी ते थांबेनात.

कोटाची सळसळ झाली. लीनानं पाहिलं. शांतवन जागेवर येऊन उभा होता, मुठी घट्ट मिटून कोटाच्या बाह्यांत ओढलेल्या. छाती भात्यासारखी हलत होती. त्याच्या तोंडावरून तिला काही म्हणजे काही कळेना.

"आमेन," काका म्हणाले.

सगळे बसले. "मास्तर कुठं गेले होते?" फौजदारांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"बैलाला वैरण टाकायला. पाय आपटत होता."

"व्हय साहेब," शिपाई म्हणाला, "मघाशी लई आपटत हुता."

"हं." फौजदारांनी टोपी उचलली, पण घातली नाही. "सगळ्यांचे झाले. तुमच्या धाकट्याचा राहिला. त्याला कुणी दिलाच असेल ना वडिलांनी?"

साळूबाईनं लीनाचं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती.

"दिलाय," शांतवन म्हणाला आणि उभा राहिला. "युतुख. आशेर लहानपणी उपासनेत झोपायचा, म्हणून त्याला हा दिला बाबांनी. पौल एकदा फार वेळ बोलत राहिला. माडीवर गर्दी होती, दिव्यांचा धूर होता. युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसला होता. त्याला झापड आली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला, तर मेलेला." तो थांबला. साळूबाईची नखं आणखी रुतली. "म्हणजे लोकांना वाटलं, मेलेला. पौल खाली गेला. त्याला कवटाळलं. आणि म्हणाला, घाबरू नका. ह्याच्यात जीव आहे."

साळूबाईनं हात सोडला. तिनं पदर तोंडाशी नेला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"पुढं काय झालं त्या पोराचं?" फौजदारांनी विचारलं.

"ते शास्त्रात नाही, साहेब."

"नसेलच," फौजदार म्हणाले. ते उठले, टोपी घातली, जोडे घातले. मग ओट्यावर वळून त्यांनी ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे शांतवनपुढे हात केला. "सलाम, मास्तर."

शांतवननं क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग बाहीतून आपला हात बाहेर काढून त्यांच्या हातात दिला. फौजदारांनी तो दाबला. शांतवन हसत राहिला. कपाळाची शीर मात्र टरारून आली. हात सुटला, तेव्हा फौजदारांनी आपला तळवा बघितला. लाल झाला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढून तो पुसला, एकेक बोट.

"दोर काचलेला दिसतो."

"मोटेचा नाडा," शांतवन म्हणाला.

"तेल लावा. उद्या सकाळी पंच घेऊन येतो मी. गोठा, परस, सगळी झडती होईल. तुमची सही लागेल, तेव्हा हात नीट पाहिजे."

ते गेले. वळणाशी सायकली दिसेनाशा झाल्या, जमलेली माणसंही पांगली. गोठ्यातल्या कडब्याआडून एकदा खोकल्याचा आवाज आला आणि साळूबाई भाकरीच्या टोपलीकडे धावली. "दिस बुडायच्या आत डोंगर गाठाया पायजे त्यानं," ती आतूनच म्हणाली. "नारायनभावजी, बसू नका असं. मिशनच्या पोरांचं जुनं पायताण असंल तर आना." काका मुकाट्यानं उठले. काठी घ्यायची विसरले.

शांतवन पायरीवर बसला. लीनानं त्याच्या मुठी उघडल्या. कातडी सोलून निघाली होती. नाड्याचे तंतू मांसात रुतले होते. तिनं तेलाची वाटी आणली आणि एकेक तंतू काढू लागली. तो ओय म्हणाला नाही.

"उद्या काय सांगशील?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. शाळा जाईल. त्यांना कळलंय सगळं." तळव्याकडे बघत तो म्हणाला, "खाली उतरावं लागलं मला. त्याला दोर धरता येत नव्हता."

लीनाचा हात थांबला. "पेवात उतरलास तू?"

"काखेत हाच कोट घातला त्याच्या. चिंध्या कुठून आणू? वर येऊन नाडा खुंटाला घालून ओढला." त्यानं गोठ्याकडे मान वळवली. "वर घेतल्यावर ओकला तो. मग डोळे उघडले, आणि माझ्याकडे बघून मला बाबा म्हणाला."

"मग?"

"मग काय," शांतवन म्हणाला. "ओ दिली मी."